वादळ कुठे मोजायचं?

लखनौच्या उत्तरेला वसलेल्या जानकीपुरमपासून आठशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. इथलं वादळ म्हणजे मे-जूनमधली आंधी: धुळीची भिंत चालून येते, दारं-खिडक्या आपटतात, चार थेंब पडतात आणि तासाभरात सगळं निवतं. समुद्री चक्रीवादळ इथे दिसतं ते फक्त पडद्यावर. पण पडद्यावर ते दिसतं कसं, हे जाणणारी माणसं याच वस्तीत आहेत. उत्तर प्रदेशाचं रिमोट सेन्सिंग केंद्र जानकीपुरममध्येच, कुर्सी रोडवर आहे. उपग्रहचित्रं वाचायला शिकलेली एक मराठी मुलगी इथे राहते. तिचे मामा दापोली तालुक्यातल्या हर्णैचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणून काढली. एकीनं वादळ वरून पाहिलेलं, दुसऱ्यानं खालून. समुद्रावरच्या वादळाची ताकद मोजायची कशी, यावर दोघांचं पटत नाही. त्या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणून तो इथे मांडला आहे.

भाची: मामा, हे चित्र बघा. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार. मधोमध तो गोल डोळा आणि भोवती ढगांची भिंत. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं हे दुसरंच महाचक्रीवादळ. २७ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते त्या पातळीला पोचलं. वारा ताशी २४० किलोमीटरच्या घरात. एवढी ताकद, आणि सगळी मोकळ्या समुद्रावर खर्च झाली. आपल्या किनाऱ्याकडे पाठ फिरवून ते पश्चिमेला गेलं आणि सोमालियाच्या बाजूला विरलं. किनाऱ्याला न लागणारं वादळ हे निसर्गाचं सर्वांत भव्य आणि सर्वांत निरुपद्रवी रूप आहे, असं मला वाटतं.

मामा: निरुपद्रवी कुणाला? त्या दिवाळीत कोकणात भात कापणीला आलेलं होतं. क्यारच्या पावसानं ते शेतात आडवं झालं, कापलेल्या भाताला जाग्यावर कोंब फुटले. दर्याला उधाण, बोटी खाडीत बांधून ठेवलेल्या, मासेमारी ठप्प. क्यार जातंय न जातंय तोच मागून महा उभं राहिलं. एका वेळी दोन वादळं अरबी समुद्रात. तुझ्या चित्रात ते किनाऱ्यापासून लांब दिसतं. आमच्या अंगणात ते आलेलंच होतं.

भाची: नुकसान मी नाकारत नाही. पण ते वादळाच्या कडेनं झालं. गाभा किनाऱ्यावर आला असता तर? म्हणून आधी ताकद समजून घ्यायला हवी, असं माझं म्हणणं आहे. ती वाऱ्यात नसते, पाण्यात असते. या स्वयंपाकघरातल्या माठाकडे बघा. पाणी त्याच्या अंगातून पाझरतं, त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाताना माठातली उष्णता घेऊन जाते, म्हणून आतलं पाणी गार राहतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ २५ लाख ज्यूल लागतात. तेवढंच पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला लागते त्याच्या सहापट उष्णता ही. ती नाहीशी होत नाही, वाफेत दडून राहते. वाफ वर जाऊन पुन्हा पाणी झाली की ती सगळी हवेत मोकळी होते.

मामा: म्हणजे दर्याची ऊब वाफेतून आभाळात जाते.

भाची: हो, आणि तिथूनच चक्र सुरू होतं. उष्णतेनं हवा हलकी होऊन वर चढते, खाली दाब कमी होतो, चहूकडून हवा आत धावते, धावताना समुद्रावरून आणखी वाफ उचलते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ आत न येता गोल वळते. म्हणूनच विषुववृत्ताला अगदी लागून, साधारण पाच अंशांच्या आत, चक्रीवादळ सहसा तयार होत नाही, कारण तिथे हे वळण फार दुबळं असतं. शिवाय पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेलं हवं, आणि ते नुसतं वरवर नाही तर पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. मोकळा समुद्र म्हणजे या यंत्राचं इंधन. जमिनीवर आलं की इंधन तुटतं आणि वादळ मरायला लागतं.

मामा: हे आम्हालाही ठाऊक आहे, आकडे नसतील एवढंच. पाणी हाताला कोमट लागलं आणि वारा पडला की जुनी माणसं आभाळाकडे बघायला लागायची. पण ताकद किती, ते सांग.

भाची: अमेरिकेतल्या वादळ-संशोधकांनी एक हिशेब मांडला आहे. एका सरासरी वादळात दिवसाला जेवढा पाऊस पडतो, तेवढ्या पाण्यातून सुटणारी उष्णता हिशेब केला त्या वेळच्या जगातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या क्षमतेच्या सुमारे दोनशेपट भरते. पण त्यातला चारशेवा हिस्सा, फक्त तेवढाच, वारा होतो. बाकीची उष्णता ढग वर ढकलण्यात आणि वरच्या हवेत पसरण्यात जाते. आपण ज्याला वादळाचा तडाखा म्हणतो तो या सगळ्याचा चारशेवा भाग आहे, मामा. तो चारशेवा भागसुद्धा त्याच वीजक्षमतेच्या निम्म्याला टेकतो. हे कळल्यावर मान आपोआप झुकते.

मामा: माझीही झुकते, पण वेगळ्या कारणानं. नोव्हेंबर २००९ मधलं फयान आठवतं? तुमच्या मोजणीत ते अगदी लहान. ताशी किती होतं?

भाची: ८५ च्या आसपास. चक्रीवादळाच्या सर्वांत खालच्या पायरीवरचं.

मामा: त्या खालच्या पायरीवर दर्या काय करतो, ऐक. लाटेचा शेंडा वारा कापून नेतो, त्याचे तुषार तोंडावर खड्यांसारखे बसतात. वरून पाऊस आणि खालून पाणी, दोन्ही एकच होतं. दहा हातांवरचा खलाशी दिसत नाही. बोटीचं तोंड लाटेला धरून ठेवायचं, बस्स. एकदा आडवी गेली की खेळ संपला. जाळी तोडून टाकायची, मासळीचं ओझं दर्यात सोडायचं. रत्नागिरीकडची कितीतरी माणसं त्या फयानमध्ये परत आली नाहीत. ८५ चं वादळ चाळीस-पन्नास फुटांच्या लाकडी बोटीला पुरून उरतं. तेव्हा ताकद नुसती वादळात नसते, बोटीच्या लाकडातही मोजावी लागते.

भाची: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि त्यातली शक्ती आठपट. फयान ८५ चं असेल तर क्यारचा वारा त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाचा. म्हणजे शक्ती वीसपटीच्याही वर. लाटांचंही तसंच. २००४ मध्ये इव्हान हे हरिकेन मेक्सिकोच्या आखातातून जात असताना अमेरिकी नौदलाच्या समुद्रतळावरच्या उपकरणांनी २७ मीटरहून उंच लाट नोंदवली. नऊ मजली इमारतीएवढी. ती कुणी डोळ्यांनी पाहिली नाही, उपकरणांनी पाहिली. मोकळ्या समुद्रावरची शक्ती माणसाच्या पलीकडची असते, असं मी म्हणते ते यासाठी. १९७९ चं टिप वादळ घ्या. १२ ऑक्टोबरला पश्चिम पॅसिफिकमध्ये त्याच्या केंद्रातला दाब ८७० मिलिबारपर्यंत उतरला. समुद्रसपाटीवर त्याहून कमी दाब आजवर नोंदला गेलेला नाही. नेहमीचा दाब १०१३ च्या आसपास असतो. आणि त्याचा पसारा २,२०० किलोमीटरांचा! इथून कन्याकुमारीपर्यंत सरळ रेघ ओढली तरी ती त्या वादळाच्या आत मावेल. एवढं प्रचंड वादळ, आणि त्याचा कळस झाला तेव्हा खाली जमीन नव्हती.

मामा: जमीन नव्हती म्हणजे माणूस नव्हता, असं तू धरून चालतेस. आपलं सगळं भांडण या एका गोष्टीवर आहे. टिपमध्ये बोटी बुडाल्या नाहीत?

भाची: बुडाल्या. नंतर ते दुबळं होऊन जपानवर गेलं. जहाजं किनाऱ्यावर फेकली गेली, काही बुडाली. चाळीसहून अधिक मच्छीमार मेले किंवा बेपत्ता झाले.

मामा: बघ. २०१७ चं ओखी घे. नोव्हेंबरच्या शेवटी कन्याकुमारीजवळ काही तासांत ते वादळ झालं. केरळ आणि तामिळनाडूची माणसं तोवर मासेमारीला निघून गेली होती, खोल समुद्रात होती. ओखी वर येत येत सुरतेच्या बाजूला पोचेपर्यंत त्यात दमच उरला नव्हता, किनारा ओलांडताना ते वादळ म्हणण्याजोगं नव्हतं. किनाऱ्याच्या हिशेबानं ओखी म्हणजे काहीच नाही. आणि गेली किती माणसं?

भाची: मेलेले आणि बेपत्ता मिळून तीनशेहून अधिक. बहुतेक सगळे समुद्रावर.

मामा: त्या दिवसांत केरळ-तामिळनाडूच्या साठहून जास्त बोटी भरकटत आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. नऊशेहून अधिक माणसं होती त्यांत. भाषा कळत नव्हती, पण दर्यावरून आलेल्या माणसाला काय लागतं ते कळायला भाषा लागत नाही. ती वाचली. जी वाचली नाहीत, ती तुमच्या चित्रातल्या त्या निळ्या जागेत होती.

भाची: मामा, आता माझी बाजूही ऐका. सरकारकडे माणसं आणि साधनं मोजकी असतात. १९७० मध्ये भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात कमीत कमी तीन लाख माणसं मेली, ती प्रामुख्यानं किनाऱ्यावर चढलेल्या पाण्यानं. १९९९ मध्ये ओडिशात सुमारे दहा हजार गेली. त्याच ओडिशात मे २०१९ मध्ये फनी आलं, तेव्हा बारा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली आणि मृतांचा आकडा ६४ वर थांबला. वीस वर्षांत दहा हजारांवरून चौसष्टवर! उपग्रह, रडार, आगाऊ अंदाज, निवारे, गावोगावची तयारी यातून ते झालं. वादळ किनाऱ्याला कुठे आणि कधी लागणार, यावर सगळं लक्ष एकवटलं, म्हणून झालं. जिथे लाखो माणसं आहेत तिथे आधी बघायचं, यात चूक काय?

मामा: चूक काहीच नाही. ओडिशानं केलं ते मी डोक्यावर घेतो. निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा, ३ जून २०२० ला, आमच्याकडेही माणसं हलवली म्हणून जीव वाचले. नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट गेल्या, घरांवर कौल उरलं नाही, तरी माणसं राहिली. पण किनाऱ्यावर जे जमलं ते दर्यावर का जमू नये? २०२१ चं तौक्ते आठव. पुढे सरकत होतं गुजरातकडे, सगळ्यांचे डोळे गुजरातवर. आणि मुंबईपासून लांब, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात, पी-३०५ नावाच्या बार्जवर २६१ माणसं होती. त्या बार्जला स्वतःचं इंजिन नाही. नांगर तुटले आणि ते वाऱ्याबरोबर वाहत गेलं. १७ मेला बुडालं. त्या खवळलेल्या पाण्यात कोची आणि कोलकाता या नौदलाच्या जहाजांनी रात्रभर माणसं उचलली, १८० च्या वर वाचवली. तरीही ते बार्ज आणि वरप्रदा ही टग मिळून ऐंशीहून अधिक जीव गेले.

भाची: तौक्तेचा इशारा मात्र दिलेला होता. कमी दाबाचा पट्टा तयार व्हायच्या आधीपासून अंदाज होता.

मामा: तेच म्हणतोय. इशारा होता आणि माणसं तिथेच होती. इंजिन नसलेल्या बार्जवर झोपलेल्या मजुराला आपणहून बंदरात जाता येत नाही. त्याला कुणीतरी न्यावं लागतं. वादळाच्या ताकदीचा आकडा तू वाऱ्यावरून काढतेस. मी विचारतो, त्या वाऱ्याखाली माणूस कुणाच्या हुकमानं उभा होता?

भाची: याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मग तो वादळाचा दोष नव्हे.

मामा: मी दर्याला कधी दोष दिला? ज्याच्यावर पोट भरलं त्याला नावं ठेवत नाहीत. दर्या मोकळा आहे, रिकामा नाही, एवढंच माझं म्हणणं.

भाची: हे मी मान्य करते. पण ‘दर्या असाच असतो, वादळं नेहमीचीच’ असं कुणी म्हणालं तर तेही मला पटणार नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्राच्या नोंदी तपासल्या. १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात तिथली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. अतितीव्र वादळांचा टिकण्याचा काळ तर कित्येक पटींनी वाढला. एकट्या २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच वादळं झाली, तेवढी त्याआधी फक्त १९०२ मध्ये नोंदली गेली होती. पूर्वी हा समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा शांत मानला जायचा.

मामा: ते आम्हीही बघतोय. पूर्वी आगोटीच्या वेळी, पावसाळ्याच्या तोंडावर, बोटी वर ओढताना पावसाची धास्ती असायची. आता मे महिनाच धोक्याचा झालाय.

भाची: आपण कोळसा-तेल जाळून जी जादा उष्णता पृथ्वीवर अडकवली, तिच्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास समुद्रानं पोटात घेतली आहे. पृष्ठभागाचं तापमान उपग्रहाला दिसतं. खालची उष्णता मोजायला तरंगती उपकरणं सोडावी लागतात. एरवी वादळ स्वतःच्या वाऱ्यानं समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर आणतं आणि स्वतःचंच इंधन विझवतं. त्याच्या मागे गार पाण्याचा पट्टा राहतो, तो उपग्रहात स्पष्ट दिसतो. पण पाणी खोलपर्यंत तापलेलं असेल तर घुसळूनही वर ऊनच पाणी येतं आणि वादळ भराभर वाढतं. सकाळी साधं असलेलं दुसऱ्या दिवशी राक्षसी होतं. किनाऱ्याला लागायच्या कितीतरी आधी, मोकळ्या समुद्रावर.

मामा: म्हणजे वादळाला दर्यावर जोर चढतो, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर चढतो.

भाची: हो. इथे मात्र तुम्ही जिंकलात. वादळ जिथे वाढतं तिथेच इशारा पोचायला सर्वांत जास्त वेळ लागत असेल, तर फक्त किनाऱ्याचा हिशेब पुरा पडत नाही.

मामा: किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर गेलं की मोबाईल मुका होतो. आम्ही जातो त्याच्या कितीतरी पुढे. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढवला तरी तो बघायला आम्ही बंदरात असायला हवं ना?

भाची: १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईला निघालेली वैतरणा ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात गडप झाली. सातशेहून अधिक माणसं होती, एकही सापडला नाही. तेव्हा बिनतारी संदेशच नव्हते. ओखीच्या वेळी आभाळात उपग्रह होते आणि तरी बोटींपर्यंत निरोप पोचला नाही. त्यानंतर हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्रानं जेमिनी नावाची पेटी आणली, २०१९ मध्ये. उपग्रहाकडून इशारा घेऊन ती तो तांडेलाच्या फोनवर देते, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटरवरही.

मामा: चांगली गोष्ट आहे. पण ती फक्त ऐकते, बोलत नाही. बोट संकटात आहे हे ती कुणाला सांगत नाही. आणि प्रत्येक लहान बोटीवर ती हवी, नुसती मोठ्या ट्रॉलरवर नाही. शिवाय इशारा ऐकून पळायचं कुठे? हर्णैला उघडं बंदर, वारा उठला की आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर जयगडला धावावं लागतं. निवाऱ्याचं बंदर जवळ नसेल तर इशारा अर्धाच.

भाची: तरीही मामा, क्यारचं चित्र मला सुंदर वाटतं. ते मी सोडणार नाही. त्या सौंदर्यामुळेच मी या कामात आले.

मामा: सोडू नकोस. ज्याला दर्या सुंदर वाटत नाही तो तांडेल होत नाही. फक्त चित्र बघताना त्यात बोटी शोधत जा.

या दोघांमधला मतभेद पूर्ण मिटत नाही, आणि तो मिटायची गरजही नाही. वादळाची भव्यता डोळे भरून पाहणारी नजर नसती तर ओडिशातले ते लाखो जीव वाचले नसते. उपग्रह, गणितं आणि अंदाज त्याच नजरेतून आले. पण वादळाची नोंद किनाऱ्यापासून सुरू करणं ही सवय आता सोडायला हवी. ओखीनं आणि पी-३०५ नं ती महागात पडते हे दाखवून दिलं आहे. वादळ जमिनीला लागेपर्यंत आपण त्याला ‘धोका’ म्हणत राहिलो, तर तापत्या अरबी समुद्रात ते ज्यांच्यावर सर्वांत आधी कोसळतं, ती माणसं हिशेबाबाहेरच राहतील.

यात जानकीपुरमही बाहेरचं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुदचे अवशेष उत्तर प्रदेशावरून सरकत नेपाळात पोचले आणि अन्नपूर्णेच्या परिसरात झालेल्या हिमवादळात चाळीसहून अधिक माणसं मेली. तौक्तेचे ढग उत्तरेत आले तेव्हा दिल्लीत मे महिन्यातल्या एका दिवसात ११९ मिलिमीटर पाऊस पडला. आणि इथल्या उन्हाळ्यात घरोघरी चालणाऱ्या एसीची बरीचशी वीज कोळशातून येते. त्या धुरामुळे अडकलेली उष्णताही अखेर बरीचशी समुद्रातच जाते. समुद्राचं इंधन वाढवण्यात समुद्र न पाहिलेल्यांचाही वाटा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक मासेमारी बोटीवर दोन्ही बाजूंनी बोलणारं उपग्रह-यंत्र असावं. कोकणात ठरावीक अंतरावर निवाऱ्याची बंदरं व्हावीत. वादळाचा इशारा आल्यावर समुद्रातल्या कामगारांना परत आणणं मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्यानं बंधनकारक व्हावं. आणि प्रत्येक वादळाच्या सरकारी अहवालात वाऱ्याच्या वेगाशेजारी, त्या वेळी खुल्या समुद्रात किती बोटी, किती जहाजं आणि किती माणसं होती, हा आकडा लिहिला जावा. वादळाची ताकद मोजायची तर तिच्याखाली कोण होतं हेही मोजावं लागेल.